निसर्ग, नागपूर

तारघराच्या खिडकीपुढं तिच्याआधी आता एकच माणूस उरला होता आणि बारा वाजायला वीस मिनिटं होती. विशाखा गजभियेनं मनातल्या मनात आकडेमोड केली. सायकलनं कॉलेजपर्यंत चौदा मिनिटं. उरली सहा. पुढच्या माणसानं पाच घेतली तरी संपलंच.

"ऐका ना," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "मले पुढं जाऊ देता का? बारा वाजता माझं प्रॅक्टिकल आहे. मुलं स्लाइड करून बसतात, मी गेले नाही तर सगळ्या वाळून जातात."

तो वळला. पंचवीस-सव्वीसचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर पेन्सिल आणि नखांच्या कडांत वाळलेला पिवळा रंग.

"कशाच्या स्लाइड?"

"कांद्याच्या पापुद्र्याच्या."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "कांद्याले तं थांबवता येत नाही. या, पुढं या."

ती घाईघाईनं खिडकीशी गेली. आत कारकून सिंधूताई बसल्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. विशाखानं अर्ज सरकवला. काम साधं होतं. वर्षाची फी भरली की तारखात्याकडून एक छोटासा शब्द आपल्या नावावर नोंदवून मिळे आणि मग तोच आपला पूर्ण पत्ता. गल्ली नको, घर नंबर नको. जगातून कुठूनही त्या शब्दापुढं 'नागपूर' लिहून तार टाका, ती बरोबर आपल्या दारात येणार. मात्र एका शहरात एक शब्द एकालाच.

विशाखा आणि तिच्या चार मैत्रिणी दोन वर्षं शहरातली झाडं मोजत होत्या. कुठं काय तोडलं जातंय हे लोकांनी झटकन कळवावं, म्हणून त्यांच्या मंडळानं तीन बैठका घेऊन एक शब्द नक्की केला होता. तो कोणी आधीच घेतलेला असेल या भीतीनं तिला रात्री नीट झोपही लागली नव्हती.

सिंधूताईंनी मोठी नोंदवही उघडली. बोट वरून खाली गेलं. "निसर्ग… निसर्ग… नाही, कोणी घेतलेला नाही. एकतीस डिसेंबरपर्यंत तुमचा." आणि शिक्का पडला.

हसतच ती वळली, तो तिची नजर त्या माणसाच्या हातातल्या अर्जावर गेली. अक्षरं इतकी देखणी की छापल्यासारखी वाटावीत. शब्द तोच होता.

"तुम्ही पण…?"

तो एकदा अर्जाकडं पाहत होता, एकदा नोंदवहीकडं. त्याचे कान लाल झाले. मग तो हसला, पण अर्धवटच.

"सत्तावीस भिंती रंगवल्या मी. उमरेडपासून भिवापूरपर्यंत. 'झाड तोडताना दिसले तर तार करा — निसर्ग, नागपूर.' काल शेवटची झाली. आज नोंदवायले आलो."

"नोंदणीच्या आधीच भिंती? काहून?"

"पेंटर आहो. रिकामी भिंत दिसली का मले राहवत नाही."

नंबर त्याचा होता, म्हणजे शब्दही त्याचाच. विशाखानं खिडकीत डोकावून अर्ज परत मागितला, तर सिंधूताईंनी चष्मा काढला. "बाई, शिक्का पडला. वर्षभर आता तो शब्द तुमचाच. काय भांडायचं ते बाहेर जाऊन भांडा."

"भांडण नाही ताई," तो म्हणाला. "नंबर मीच दिला." मग विशाखाकडं वळून, "पण जानेवारीत नवे अर्ज घेतात. तेव्हा मी पुढं राहीन. कांदा चालणार नाही."

"जानेवारीत मी अर्धा तास आधी येईन," ती म्हणाली. तिला चूक कबूल होती, पण शब्दही हवाच होता. "मी विशाखा गजभिये. नाव काय तुमचं?"

"रविंद्र नंदनवार. इथंच, महाल भागात आत्याकडं राहतो, बोर्ड रंगवतो. घर उमरेडले, घरी हातमाग आहे."

ती नऊ मिनिटं उशिरा पोचली. स्लाइड वाळल्या होत्या. आश्चर्य हे, की तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

पहिली तार मार्चमध्ये आली.

इंदोऱ्यात, विशाखाच्या वस्तीत, तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ माहीत होता. तारवाला धोंडबा गल्लीत शिरला तशा शेजारच्या चार बाया त्याच्या सायकलमागं चालत आल्या. विशाखाची आई अंजनाबाई पदर तोंडाला लावून ओट्यावर उभी राहिली. विशाखानं लिफाफा फाडला.

"कोण गेलं वं?" आईनं पदराआडून विचारलं.

"चिंच," विशाखा म्हणाली.

"कोण चिंच?"

"भिवापूरच्या रस्त्यावरची. ठेकेदार तोडून राहिला म्हणे."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. रडायची तयारी करून आलेल्या त्या, तशाच हसत परत गेल्या. पुढं पुढं सगळ्यांनाच याची सवय झाली. धोंडबा दिसला की कोणीतरी ओट्यावरून विचारायचं, "आज काय पडलं गा? लिंब का बाभूळ?" अंजनाबाई छप्पन सालानंतर विहारातल्या वर्गात अक्षरं शिकली होती. आता प्रत्येक तार ती बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून, मोठ्यानं वाचायची आणि मगच लेकीच्या हातात द्यायची.

या तारांपैकी निम्म्याहून जास्त उमरेडकडच्या असत. भिंती बोलत होत्या, आणि त्या भिंती विशाखाच्या नव्हत्या.

"ह्या उमरेडवाल्यांच्या आहेत, त्यांना पाठवून देते," ती आईला सांगे. आईला वाटे, लेक पोस्टात टाकते. लेक सायकलवर टांग मारून महालात जायची.

रविंद्रचं दुकान म्हणजे आत्या तुळसाबाईच्या घराची पडवी. भिंतीला टेकवलेले अर्धवट बोर्ड, टर्पेंटाइनचा वास, आणि डब्याडब्यांत उभे ब्रश. पहिल्यांदा ती गेली तेव्हा तो एका दातांच्या दवाखान्याच्या बोर्डावर कवळी रंगवत होता.

"गजभिये मॅडम. माझी तार घेऊन आल्या?"

"माझी तार," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

"असं? मंग माझी भिंत, तुमच्यासाठी."

"कवळीचा एक दात जास्त आहे."

त्यानं मोजले. खरंच एक जास्त होता. "डॉक्टरले सांगू नका," तो म्हणाला, "तो मोजत नाही."

असं सुरू झालं. ती तार घेऊन जायची. तो हातातलं काम टाकून एस.टी. पकडायचा, तोडीच्या जागेवर गावकऱ्यांना जमा करायचा, परवानगीचा कागद मागायचा. कागद नसला की ठेकेदार माघारी जाई. परत आला की तो तिला सगळं सांगे, आणि ती वहीत लिहून घेई: झाड कोणतं, घेर किती, वाचलं की गेलं.

"घेर किती होता?"

"मोठा होता."

"मोठा म्हणजे?"

"म्हंजे… मी न् तुम्ही दोघं मिळून मिठी मारली असती तं हाताले हात लागले असते."

ती खाली मान घालून लिहीत राहिली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, आपण आकड्याच्या जागी काहीच लिहिलेलं नाही.

"सेंटीमीटरमध्ये सांगा."

"हात पुढं करा, मोजतो."

"नंदनवार."

"बरं, राहिलं."

एकदा ऑगस्टच्या झडीत ती त्याच्यासोबत उमरेडला गेली. घरासमोरच्या गल्लीत, पावसानं उघडीप दिलेली पाहून, त्याच्या आईनं, प्रयागबाईनं, पांढरं सूत ताणून वाळत घातलं होतं. रविंद्रनं त्यावरून अंगठा फिरवला आणि तिला दाखवला. अंगठा काळा होता. खाणीतल्या कोळशाची धूळ. "म्हणून मी झाडाच्या मागं लागलो," तो म्हणाला. यात त्याची नेहमीची गंमत नव्हती. "झाडं होती तेव्हा सूत पांढरं राहे."

विशाखानं ग्लिसरीन लावलेल्या काचपट्ट्या आणल्या होत्या. चार घरांच्या छपराखाली तिनं त्या बांधल्या. दुसऱ्या रविवारी येऊन काढल्या, सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले. झाडाआडच्या घरात धूळ निम्म्याहून कमी होती. आकडे तिनं बोट ठेवून त्याला दाखवले. त्यानं आकड्यांकडं पाहिलंच नाही, तिच्याकडंच पाहत राहिला.

"जानेवारीत मात्र शब्द मी घेईन," तो म्हणाला.

"घेऊन दाखवा."

घरी आईबाबांशी ती यातलं काहीच बोलली नाही. आईनं विचारलं, "ते उमरेडवाले कोण आहेत?" तर म्हणाली, "आहेत एक रविंद्र पेंटर, घर उमरेडले." तेही खोटं नव्हतं. महाल, पडवी, कवळी… हे सांगायला गेलं की आपलं तोंडच सगळं सांगून टाकेल, अशी तिला भीती होती. आपण बौद्ध, तो कोष्टी. ज्याला अजून नाव नाही त्याची चर्चा कशाला?

नोव्हेंबरात ती विद्यार्थ्यांना घेऊन तीन दिवस रामटेकला गेली. डोंगराच्या उतारावर पानं गोळा करायची होती. शनिवारी निघाली, सोमवारी संध्याकाळी परतली. दारातच आई उभी.

"शनिवारी दुपारी तार आली. नऊ मोहाची झाडं. सोमवारी तोडणार म्हणे," आई म्हणाली. "तू नव्हती. मंग मीच कार्ड लिहिलं त्याले. लगेच पेटीत टाकलं."

"कुठं… कुठल्या पत्त्यावर?"

"उमरेडच्याच. रविंद्र पेंटर, उमरेड." आईच्या चेहऱ्यावर अभिमान होता. आयुष्यातलं पहिलं पोस्टकार्ड होतं ते तिचं.

विशाखा तशीच सायकल काढून महालात गेली. तो पडवीत एका शाळेचा बोर्ड रंगवत होता. शनिवारी रंगवत होता, रविवारी, आजही. इंदोऱ्याहून पंचवीस मिनिटांच्या वाटेवर.

तिनं तार त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली. ब्रश डब्यात ठेवला, पुसलाही नाही.

दोघं मंगळवारी पहाटेच्या गाडीनं गेले. नऊच्या नऊ बुंधे. कापाची जागा अजून ओली होती. विशाखा एका बुंध्यापाशी बसून वर्तुळं मोजायला लागली, सवयीनं. सत्तरपर्यंत गेली आणि पुढं मोजता येईना.

"माझ्यामुळं," ती म्हणाली.

"तार लेट झाली. होते."

"तार लेट नव्हती. तुम्ही महालात राहता हे घरी कोणाले माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं."

ती वाट पाहत होती, तो चिडेल, विचारेल. त्यानं विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं. परतताना उमरेडला त्याच्या घरी थांबले, तर प्रयागबाईनं एक पोस्टकार्ड आणून दिलं. सकाळच्याच टपालानं आलेलं. मोठ्या, एकमेकांपासून लांब उभ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'झाडं तोडून राहिले. लवकर जा. विशाखा घरी नाही. तिची आई.'

रविंद्रनं ते खिशात ठेवलं. "आईंना सांगा, कार्ड भेटलं," तो म्हणाला. "अक्षर चांगलं आहे."

त्यानंतर महिनाभर ती महालात गेली नाही. तारा ती मैत्रिणीच्या हातानं पाठवी.

डिसेंबरात धरमपेठेतल्या एका शाळेत विदर्भातल्या अकरा संस्था जमल्या. 'निसर्ग' हा शब्द आता गावोगाव माहीत झाला होता. तो पुढच्या वर्षापासून सगळ्यांसाठी कोणी चालवायचा, ते ठरवायचं होतं. दावेदार दोन — गजभिये आणि नंदनवार. अध्यक्ष गोपाळराव, निवृत्त वनरक्षक, टेबलावर काठी आडवी ठेवून बसले होते.

विशाखा उभी राहिली. समोर तिसऱ्या रांगेत तो होता, स्वच्छ शर्टात. नखं मात्र तशीच.

"या वर्षात चौसष्ट तारा आल्या," तिनं वही उघडली. "त्यातल्या एक्केचाळीस नंदनवारांच्या भिंती वाचून आल्या. सत्तावन्न झाडं वाचली, त्यातली पन्नास त्यांनी वाचवली. नऊ मोह गेले. ती तार शनिवारी दुपारी माझ्या घरी आली होती. नंदनवार तेव्हा महालात होते. माझ्या घरी कोणाले ते माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. म्हणून माझं म्हणणं, शब्द त्यांना द्यावा."

भंडाऱ्याहून आलेल्या रुखमाबाई पहिल्या रांगेत होत्या, नाकात मोठी नथणी, गावात रोपवाटिका चालवणाऱ्या. त्यांनी मान वर केली. "काहून नाही सांगितलं वं?"

विशाखानं वहीत पाहिलं. तिचा चेहरा कानापर्यंत तापला, आणि ती खाली बसली.

रुखमाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग तिसऱ्या रांगेकडं पाहिलं, आणि "हं" एवढंच म्हणाल्या.

रविंद्र उठला. "शब्द मॅडमकडंच राहू द्या. माझ्याकडं तार आली तं घ्यायले आत्या आहे, आत्याले वाचता येत नाही. मी तं दिवसभर शिडीवर. मॅडमच्या घरी वाचणारी माणसं आहेत. तार उघडून, पत्ता माहीत नसून, कार्ड लिहिणारी माणसं आहेत. अजून काय पाह्यजे?"

गोपाळरावांनी काठी उचलून पुन्हा ठेवली. "मी भांडण मिटवायले आलो होतो बावा. इथं तं दोघंही शब्द एकमेकांच्या अंगावर ढकलून राहिले."

"मंग दोघांच्या नावानं घ्या," रुखमाबाई म्हणाल्या. "तिनं वाचावं, त्यानं धावावं. बरोबर आहे का नाही?"

सगळ्यांनी हात वर केले. गोपाळरावांनी अर्ज पुढं ओढला. "नावं दोन चालतात. पत्ता मात्र एकच लिहायचा. कोणाचा लिहू, इंदोरा का महाल?"

रविंद्र म्हणाला, "दहा मिनिटं द्या साहेब," आणि बाहेर व्हरांड्यात गेला. थोडं थांबून विशाखाही गेली. आत कोणीतरी खाकरलं.

बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. तो खांबाला टेकून उभा होता.

"महिनाभर आल्या नाही."

"तोंड कुठून दाखवू?"

"हेच दाखवायचं. मले चालते." मग तो म्हणाला, "आतमध्ये त्या बाईनं विचारलं. काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले माहीत आहे."

"मले अंदाज आहे. तुम्हाले अंदाज चालत नाही ना?"

ती हसली. महिनाभरात पहिल्यांदा. मग हसू थांबलं, आणि ती एकेक शब्द ठेवत बोलली. "तुमच्याकडं यायला निघाले की पंचवीस मिनिटांचा रस्ता मी अठरात जायची. परत येताना चाळीस लागायचे. हे घरी सांगितलं असतं तर… आईनं लगेच ओळखलं असतं. आणि मले ते आधी स्वतःला नीट समजून घ्यायचं होतं."

"समजलं?"

"समजलं. फार उशिरा."

त्यानं नखावरचा रंग खरवडला. "मी मायले सांगितलं," तो म्हणाला. "गजभियेंच्या पोरीशी लग्न करायचं म्हणून. माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे, ते कार्ड लिहिणाऱ्या बाईची पोरगी ना… मंग आण."

"मले न विचारता सांगितलं?"

"ते… रिकामी भिंत दिसली का मले—"

"राहवत नाही. माहीत आहे."

"तं आता विचारतो. विशाखा, येशील का?"

त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली होती. तिनं खांबावर ठेवलेल्या त्याच्या हाताजवळ आपला हात टेकवला. मध्ये जेमतेम बोटभर जागा. मग तीही राहिली नाही.

"येईन," ती म्हणाली. "पण बाबांशी मीच बोलेन. आजच. आता काही लपवून ठेवायचं नाही."

"ते नाही म्हणाले तं?"

"तर उद्या पुन्हा विचारेन. परवा तुम्ही विचारा. एका प्रयोगावर निष्कर्ष काढत नाहीत."

दोघं आत आले तेव्हा सभेत चहा फिरत होता, आणि कोणाचंच लक्ष चहाकडं नव्हतं. गोपाळराव पेन उघडून बसलेले.

"ठरला का पत्ता?"

विशाखानं रविंद्रकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. कान पुन्हा लाल झाले होते.

"शहर ठरलं," ती म्हणाली. "घर पाहायचं आहे."

गोपाळरावांना क्षणभर काही कळलं नाही. रुखमाबाईंना कळलं. त्यांनी आपली बशी खाली ठेवली आणि हात पुढं करून अर्ज स्वतःकडं ओढून घेतला.

"ती ओळ कोरी राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "एकतीसले अजून बारा दिवस आहेत. इंदोऱ्याच्या अलीकडं माझ्या भाच्याच्या दोन खोल्या रिकाम्या हायेत. चहा घ्या न् चला दोघं, दाखवते."